बबलगमच्या पाकिटातल्या दोघी

मध्यंतरी बाणेरहून एक तरुण मला भेटायला आला. नारायण पेठेतलं माझं घर त्याला नकाशावर सापडलं, पण प्रत्यक्षात सापडेना. शेवटी खालच्या दुकानदाराने "फोटोवाल्या बाई ना? वर जा, पण जेवणाच्या वेळेला गेलात तर बोलणी खाल" असं सांगून पाठवलं. तो जेवणाच्याच वेळेला आला.

त्याने खिशातून प्लास्टिकचं एक छोटं पाकीट काढलं आणि देवाचा टाक ठेवावा तसं टेबलावर ठेवलं. आत काडेपेटीएवढं जुनं कार्ड होतं. आमच्या वेळी बबलगमच्या पाकिटातून खेळाडूंची असली कार्डं फुकट मिळायची.

"मॅम, हे तुम्ही शूट केलंय ना? किती रॉ आहे! आणि हा फिल्टर कुठला?"

रॉ म्हणजे कच्चं, एवढं इंग्रजी मला येतं. कच्चं असूनही त्याला आवडलं होतं, म्हणून मी राग धरला नाही. फिल्टर म्हणजे माझे वडील. कृष्णधवल फोटोवर खारीच्या केसांच्या ब्रशने, डोळ्याला भिंग लावून ते रंग भरायचे. हे सांगितल्यावर तो "वॉव" म्हणाला. या पिढीला कशालाही वॉव म्हणायची सवय आहे, वडिलांनी मनावर घेतलं नसतं.

"पण मॅम, या कार्डांचं अपील नक्की कशात आहे?"

त्याने विचारलं आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला. जेवण गार होत होतं, म्हणून त्याला थोडक्यात उत्तर दिलं. सविस्तर उत्तर इथे देते. दिवाळी अंकाच्या वाचकाचं जेवण गार होत नाही, फराळ मुळातच गार असतो.

टीव्ही नुकता रंगीत झाला होता तेव्हाची गोष्ट. आमचा स्टुडिओ म्हणजे वडिलांचा स्टुडिओ. पासपोर्टचे फोटो, लग्नाळू मुलींचे फोटो आणि बारशाला रडणारी मुलं, एवढाच धंदा. मला मैदानावर जाऊन खेळाचे फोटो काढायचं खूळ होतं. मैदानावर मी कॅमेरा घेऊन उभी राहिले की संयोजक येऊन विचारायचे, "फोटोग्राफर कधी येणार आहेत?" मी सांगायची, "येतील एवढ्यात, तोवर मी त्यांचा कॅमेरा सांभाळतेय." यातला विनोद कळलेला संयोजक मला अजून भेटायचाय.

अशात एक दिवस लोणी काळभोरचे रंगनाथशेठ स्टुडिओत आले. सोलापूर रस्त्याला लागून त्यांची उसाची शेती आणि गुऱ्हाळ होतं. त्यातल्या एका कोपऱ्यात त्यांनी बबलगमचा कारखाना काढला होता. त्यांचं बबलगम उन्हाळ्यात पाकिटाला चिकटायचं आणि थंडीत दाताला आव्हान द्यायचं. ही उणीव भरून काढायला त्यांना पाकिटात खेळाडूंची कार्डं घालायची होती.

"क्रिकेटवाले नकोत," शेठ म्हणाले. "त्ये समद्यांच्या पाकिटात हायेत. आपन आपल्या मातीतलं गडी घालू. कुस्ती, कबड्डी, खो-खो. फोटू असा पायजे, की पोरानं गम टाकून द्यावं आन् कार्ड ठिवावं."

स्वतःच्या मालाचं इतकं अचूक मूल्यमापन करणारा कारखानदार मी दुसरा पाहिला नाही. काम घेतलं.

आता हे काम काय असतं ते सांगते. बाहेरच्याला वाटतं, मोठा फोटो काढायचा आणि लहान करायचा. फोटो लहान केला की सगळंच लहान होतं. मैदान, झाडं, मागे उभे असलेले पाहुणे, सगळे मुंग्या होतात आणि त्या मुंग्यांत तुमचा खेळाडूही एक मुंगी. म्हणून मागची सगळी गर्दी काढून टाकायची. मागे नुसती धूळ किंवा आभाळ असावं. चेहरा दिसला पाहिजे, पण तो कॅमेऱ्याकडे बघणारा नको. कॅमेऱ्याकडे बघणारा माणूस पासपोर्टला बरा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गोष्ट घडून गेल्यानंतरचा फोटो कामाचा नाही. बाद झालेला गडी, पडलेला पैलवान, वाटलेलं बक्षीस, यात बघण्यासारखं काही उरत नाही. घडण्याआधीचा फोटो हवा. मूल ते कार्ड पुन्हापुन्हा बघतं, कारण त्याला वाटतं, या खेपेला पुढचं दिसेल.

हे सगळं मला समजलं होतं. खेळाडूंना समजलेलं नव्हतं.

पहिले आले ते एक नामवंत पैलवान. त्यांना आखाड्यात, लंगोटावर, अंगाला माती लागलेली असताना टिपायचं मी ठरवलं होतं. पैलवान सफारी सूट घालून, डोक्याला तेल लावून स्टुडिओत हजर.

"अहो, कुस्तीचा फोटो हवाय," मी म्हटलं.

"त्ये खरं, पर ह्ये कार्ड सासुरवाडीला जानार," पैलवान म्हणाले आणि खुर्चीवर गुडघ्यांवर हात ठेवून बसले. तालमीत त्यांना हलवणारा कोणी जन्मला नव्हता, मी कोण हलवणार? कार्ड तसंच छापलं. छापखान्यात लाल रंग सूतभर सरकला आणि पैलवानांना खालीवर मिळून चार ओठ आले. मुलांना वाटलं, हे कंपनीचे मालक. हे कळल्यावर खऱ्या मालकांना काही दिवस वाईट वाटत होतं.

मग आमच्याच पेठेतले एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. मुलगा बुद्धिबळात चमकला होता. बबलगमवर मुलाचा फोटो येणं त्यांना मान्य नव्हतं, पण दुसऱ्या कुणाच्या मुलाचा येणं त्याहून मान्य नव्हतं.

"फोटोत तो विचार करताना दिसला पाहिजे," ते म्हणाले.

"काका, विचार फोटोत दिसत नाही."

"मग आपण फोटोग्राफर कशाला झालात?"

मी त्या मुलाला घोडा हातात धरून बसवलं. तो बिचारा खरंच विचार करत होता. वडील कधी गप्प बसतील याचा.

असे नग सांभाळत असताना माझ्या मनात मात्र एकच फोटो होता. तो मी आधीच काढून ठेवला होता. दोनेक वर्षांपूर्वी महिलांच्या खो-खोचा अंतिम सामना एका शाळेच्या मैदानावर झाला, तेव्हाचा. खो-खोत एक गोष्ट फोटोग्राफरच्या सोयीची आहे. खेळाडू कितीही पळोत, दोन्ही टोकांचे खांब जागचे हलत नाहीत. खांबावर फोकस लावून बसायचं. पळणारी मुलगी कधी ना कधी खांबाला वळसा घालणार आणि पाठलाग करणारी तिच्यावर सूर मारणार. मी तशी बसले होते. मंदा शेलार नावाच्या मुलीने सूर मारला. ती जमिनीला समांतर, पाय मागे, हात पुढे, चेहरा असा की डोळ्यांसमोर एका पाठीशिवाय जग उरलेलं नाही. मागे नुसती धूळ. पुढे पळणारी मुलगी वळते आहे, तिची वेणी हवेत. मंदाची बोटं आणि ती पाठ यांच्यात वीतभर अंतर.

तो फोटो मी एका वर्तमानपत्राला दिला होता. त्यांनी त्याऐवजी बक्षीस देणाऱ्या पाहुण्यांचा फोटो छापला. पाहुण्यांचे डोळे मिटलेले होते, पण हार छान आला होता.

शेठना फोटो दाखवला. ते खुर्चीतून अर्धे उठले. "ह्येच! ह्येच पायजे!"

कार्ड उभं असतं आणि एका कार्डावर एकच खेळाडू. म्हणून मी पळणारी मुलगी कापली, फक्त वेणीचं टोक राहिलं. वडिलांनी धुळीत थोडा केशरी रंग भरला. नमुना घेऊन मी मंदाकडे गेले. खेळाडूला विचारल्याशिवाय छापायचं नाही, हा माझा नियम. पैलवानांसारख्यांनी त्याचा फायदा घेतला तो घेतला.

मंदा आता मुलींच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका झाली होती. तास संपवून, शिट्टी गळ्यात तशीच ठेवून ती आली. कार्ड हातात घेतलं आणि त्याच्या कडेवरून बोट फिरवलं. मला वाटलं, भारावली.

"ही कुठाय?" तिने विचारलं.

"कोण?"

"शकू. शकुंतला. कापलीत तिला?"

"अहो, कार्डावर एकच माणूस मावतो."

"मग मी उडी कशाच्या मागे मारतेय? बसच्या?"

ती पुढे म्हणाली, "तुम्हाला माहीत आहे ना, हा सूर चुकला होता? ती सुटली आणि आम्ही त्या एका गड्याने हरलो. या कार्डावर असं दिसतंय, की मी तिला धरलं. सगळ्या पुण्याला माहितीये मी धरलं नाही. माझ्याच शाळेतल्या मुली मला हे कार्ड दाखवून विचारतील. काय सांगू? फोटोवालीने कापली म्हणून जिंकले?"

"मग ट्रॉफी हातात घेतलेला तुमचा दुसरा एखादा फोटो..."

"नको. माझा यापेक्षा चांगला सूर कधीच बसला नाही. हाच छापा. पण तिच्यासकट. नाहीतर नाही."

आम्ही शेठकडे गेलो. शेठ ऐकून हबकले. "एका गमात दोन बाया? मला न्हाय परवडनार!"

"मग अर्धी अर्धी छापा," मंदा म्हणाली. "गमही लोक अर्धंच खातात."

शेठ मुकाट्याने मऊ झाले. पण शकूची परवानगी हवी होती. लग्न झाल्यावर तिने खेळ सोडला होता आणि तिला लोणीतच कुठेतरी दिली होती, एवढंच मंदाला माहीत होतं. शेठनी नाव ऐकून डोकं खाजवलं. शकुंतला नावाची सून गावात नव्हती. मग मंदाने तिच्या माहेरची माणसं सांगितली, तेव्हा खूण पटली. "आरं, ती व्हय! वस्तीवरच्या चंद्रभागाबाईची सून. लगीन झाल्यावर तिचं नाव लक्ष्मी ठिवलंय. बाई, गम बंद करा म्हनालात तर करतो, पर त्या म्हातारीच्या नादी लागू नका. बैल बी तिला वळसा घालून जातो."

आम्ही दोघी वस्तीवर गेलो. उसाच्या कडेने वाट, पुढे अंगण, दावणीला म्हैस. चंद्रभागाबाई बाजेवर बसून कांदे निवडत होत्या. शकू बादली घेऊन गोठ्यातून बाहेर आली आणि मंदाला बघून तिथेच थांबली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. खांबाजवळ बघतात तशा.

"कोन पायजे?" चंद्रभागाबाईंनी विचारलं.

मी पिशवीतून न कापलेला मोठा फोटो काढून त्यांच्या हातात दिला. शकूच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. आपण खो-खो खेळत होतो, हे तिने सासरी सांगितलंच नव्हतं, हे मला त्या क्षणी कळलं. अशा गोष्टी नेहमी त्या क्षणीच कळतात.

म्हातारीने फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"ही आमची लक्ष्मी?"

"हो."

"चड्डीवर?"

म्हैससुद्धा रवंथ करायची थांबली असं मला वाटलं.

"आन् ही मागली कोन? हिला का धरतीय?"

"मी ती," मंदा म्हणाली. "खेळात धरायचं असतं."

"मंग? घावली का?"

"नाही घावली. सुटली. तिच्यामुळे त्यांचा संघ जिंकला."

चंद्रभागाबाईंनी फोटो मांडीवर ठेवला आणि सुनेकडे वळून बघितलं.

"एवढी पळतीस व्हय गं? आन् माझ्याम्होरं गोगलगाईवानी चालतीयास! हिरीवरनं पानी आनाय अर्धा दिस लावती!"

शकूने बादली खाली ठेवली. "पाणी आणताना मागं कुणी लागत नाही, आत्याबाई."

मला वाटलं, आता संपलं. फोटो, कार्ड, आमचं चालत परत जाणं, सगळंच. पण म्हातारीच्या तोंडातून असा काही आवाज आला, की तो खोकला की हसू हे समजायला वेळ लागला. हसू होतं.

मी संधी साधून कार्डाचं सांगितलं. म्हातारीने ऐकून घेतलं. छापायला हरकत नव्हती, पण अट होती. "ती चड्डी रंगवून गुडघ्यापत्तूर आना. तुमी रंग भरता न्हवं?"

खरं सांगायचं तर मी मनातल्या मनात वडिलांचा ब्रश काढलाही होता. दोन बोटं कापड वाढवलं तर कलेचं काय बिघडतं? लग्नाळू मुलींच्या फोटोत आम्ही याहून किती तरी मोठी पुण्यं केलेली होती. पण माझ्या आधी शकू बोलली.

"नको. तेवढ्या कापडानं मी अडखळले असते. हिनं धरलं असतं मला."

ती सासूकडे बघत नव्हती. फोटोकडे बघत होती. आवाज मोठा नव्हता, पण बाजेपर्यंत नीट पोचला. चंद्रभागाबाईंनी पुन्हा एकदा फोटो उचलला. या वेळी जवळ नेला नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. "हाय तसं ऱ्हाऊ द्या. पडली असती तर आपलंच नाक गेलं असतं."

चहा झाला. चहा पिताना मंदाने विचारलं. हा प्रश्न तिने ही दोन वर्षं मनात बाळगला होता, हे तिच्या आवाजावरून कळत होतं.

"त्या दिवशी तुला कसं कळलं मी आत्ताच सूर मारणार? तू मागे बघितलंसुद्धा नाहीस."

"सूर मारायच्या आधी तू श्वास ओढतेस," शकू म्हणाली. "मोठ्यानं. ऐकू येतो."

मंदा बशीतला चहा प्यायची विसरली. मग म्हणाली, "कोणीच कधी सांगितलं नाही."

"सांगून कसं चालेल? मग मला धरलं असतंस."

दोघी हसल्या. परतीच्या बसमध्ये मंदा सारखी श्वास घेऊन बघत होती. शेजारची बाई जागा बदलून बसली.

शेठपुढचा प्रश्न मी सोडवला, तोही अगदी साध्या उपायाने. कार्ड आडवं केलं. पैलवान, बुद्धिबळपटू, कबड्डीवाले, सगळे उभे आणि या दोघींचं तेवढं आडवं. धूळ, सूर, वीतभर मोकळी जागा, वेणी, सगळं मावलं. खाली दोन नावं, मंदा शेलार आणि शकुंतला. नावापुढे लक्ष्मी लिहावं का, असं मी विचारलं होतं. शकू म्हणाली, "लक्ष्मी पळत नव्हती."

त्या तरुणाने टेबलावर ठेवलेल्या या कार्डाचं अपील कशात, तर त्या वीतभर मोकळ्या जागेत. मी आधी जे कापलं होतं, ते ठेवल्यावर ती जागा दिसली. फोटोग्राफीची एवढी पुस्तकं वाचून मला हे एका खेळाच्या शिक्षिकेने शिट्टी गळ्यात घालून शिकवलं. पुस्तकं परत करता येत नाहीत, म्हणून अजून कपाटात आहेत. मुली शाळेच्या दारात या कार्डावर हुज्जत घालायच्या. एक म्हणायची धरणार, दुसरी म्हणायची सुटणार. निकाल माहीत असून हुज्जत घालायच्या. शेठचा कारखाना पुढे बंद पडला, कारण कार्डं संपल्यावर गम दुकानातच राहायचं. शेठनी पुन्हा गूळ केला. तो मात्र उत्तम असायचा.

कार्डं छापून आली तेव्हा एक गठ्ठा घेऊन मी वस्तीवर गेले होते. चंद्रभागाबाईंनी मुलाकडून, म्हणजे शकूच्या नवऱ्याकडून, कार्डावरची नावं वाचून घेतली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"सून कुनाची, त्ये कुठं लिवलंय?"

"अहो, जागा नव्हती."

"शेठचं नाव लिवाय जागा व्हती."

तेही खरंच होतं. कार्डाच्या मागे शेठचं नाव बबलगमपेक्षा मोठं होतं. म्हातारीने मुलाला बॉलपेन आणायला पाठवलं. प्रत्येक कार्डावर शकुंतलेपुढे त्याने 'चंद्रभागाबाईंची सून' असं लिहिलं. धुळीवरच लिहिलं. माझी ती इतकी कष्टाने राखलेली मोकळी पार्श्वभूमी! वडिलांनी बघितलं असतं तर भिंग फेकून दिलं असतं. शकू शेजारी उभी राहून त्याला ऱ्हस्व-दीर्घ सांगत होती.

सगळा गठ्ठा लिहून झाल्यावर म्हातारीने माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बोट केलं.

"ह्यात फिलीम हाय का?"

"आहे."

"मंग माझा बी काढ. मी बी लई पळायची."

"कुणाच्या मागे?"

"म्हशीच्या. आजून बी पळते."

मी त्यांना उजेडात, गोठ्याच्या भिंतीपासून दूर यायला सांगितलं, म्हणजे मागे नुसता ऊस येईल. त्यांनी पदर नीट केला, केस सारखे केले. मी म्हटलं, "हां, आता इथे सरळ उभ्या राहा."

"उभी कशाला ऱ्हाऊ?" म्हातारी म्हणाली. तिने लुगड्याचा काचा वर खोचला आणि सुनेला ओरडून सांगितलं, "लक्ष्मे, म्हस सोड!"